ठोकळ्यांची पूजा

शुक्रवारचा दसरा निमकरांनी रविवारी केला. शुक्रवारी अजितच्या बँकेत नवी सिस्टिम सुरू व्हायची होती, त्याच्या धाकट्या भावाची बायको सरिता हिची नर्सिंग होममध्ये सलग दोन शिफ्टची पाळी होती, आणि सिडनीत आल्यापासून निमकरांच्या देवांनाही वीकएंडची सवय झाली होती. शिवाय घरी पाहुणे बोलवायची परवानगी सरकारने याच सोमवारी दिली होती. थोरल्याच्या कॅसल हिलपासून धाकट्याच्या स्कोफिल्ड्सपर्यंत गाडीने वीस मिनिटं. तेवढं अंतर कापायला दोन सख्ख्या भावांना यंदा पावणेचार महिने लागले.

एवढ्या काळात दोन्ही घरं दर रविवारी फोनच्या पडद्यावर भेटत होती. धाकट्या भावाचा, नंदूचा मुलगा वेद मात्र कधी पडद्यावर आला नाही. त्याचा क्लास तरी असायचा, होमवर्क तरी असायचं, नाहीतर तो आंघोळीला गेलेला असायचा. दहा वर्षांचा मुलगा इतक्यांदा आंघोळीला जात नाही, हे घरात एकीच्या तरी लक्षात यायला हवं होतं. ती एक म्हणजे चित्रलेखा, अजितची बायको. बाई बेचाळीसाव्या वर्षी शैक्षणिक मानसशास्त्रात मास्टर्स करत होत्या. मुलांच्या मनाची एकूण एक प्रकरणं त्यांनी वाचली होती. पुतण्या फोनवर येत नाही, एवढंच तेवढं दिसलं नव्हतं.

दार उघडल्याबरोबर नंदू नेहमीसारखा मोठ्याने ओरडला, "हॅपी दसरा, वहिनी!" सरिताने श्रीखंडाचा डबा पुढे केला. तिच्या मागे वेद खाली मान घालून उभा होता.

"काय रे, काकूला विसरलास?" चित्रलेखाने त्याची हनुवटी वर केली आणि तिचा हात तसाच राहिला. त्याची डावी भुवई अर्धीच होती. उरलेली अर्धी आयब्रो पेन्सिलने रंगवलेली होती आणि गाडीतल्या उन्हाने तो रंग जरा फिसकटला होता.

"अ‍ॅलर्जी," सरिता पटकन म्हणाली. "जीपी डॉक्टर म्हणाले, जाईल."

ती अ‍ॅलर्जी नव्हती. मुलं स्वतःचे केस का उपटतात यावर चित्रलेखाने ऑगस्टमध्ये अडीच हजार शब्द लिहिले होते. चांगले मार्कही पडले होते. तिने वेदच्या डोक्यावर हात ठेवला आणि "ये, आत ये," एवढंच म्हणाली.

आत पद्माबाईंनी पूजेचा पाट मांडला होता. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी थोरल्या मुलाकडे आलेल्या पद्माबाई विमानं बंद पडल्यामुळे वीस महिने इथेच होत्या. घरात पाटी नव्हती, म्हणून त्यांनी काळ्या कार्डपेपरवर खडूने एक-एकचे आकडे काढून सरस्वती सजवली होती. समोर पुस्तकं आणि अवजारं. पंधरा वर्षांच्या नातीचं, स्पृहाचं केमिस्ट्रीचं पुस्तक, अजितचा लॅपटॉप, सरिताने आठवणीने आणलेला स्टेथोस्कोप, नंदूची वेअरहाउसमधल्या फोर्कलिफ्टची किल्ली. वेदने बॅगेतून आपलं वर्कबुक काढून ठेवलं, तेही पालथं. आणि या सगळ्यांच्या मध्यभागी, स्टीलच्या ताटलीत, हळदकुंकू लावलेले नऊ लाल-पांढरे ठोकळे.

"आई!" चित्रलेखा जवळजवळ किंचाळली. "हे कशाला काढलंत?"

"का? नंदूची किल्ली चालते, अजितचं मशीन चालतं, आणि तुझं शिक्षण चालत नाही होय?" पद्माबाई म्हणाल्या. "तुझीच तर पाटीपूजा आहे यंदा. पुसून देईन मी नंतर."

ठोकळे युनिव्हर्सिटीचे होते. मुलांची बुद्धी मोजायच्या चाचणीची ती पेटी चित्रलेखाने मेमध्ये सेमिस्टरपुरती आणली होती. मग लॉकडाउन लागलं, कॅम्पस बंद झालं आणि पेटी बेडरूमच्या कपाटात राहून गेली. ती विद्यार्थ्याखेरीज कुणी उघडायची नाही, असा नियम होता. आणखीही दोन नियम होते. तिची सुपरव्हायझर हेलन पहिल्याच दिवशी म्हणाली होती, सरावासाठी नात्यातलं मूल घ्यायचं नाही, आणि सरावाच्या चाचणीचा आकडा कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचा नाही. चित्रलेखाने ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

मग जूनच्या तिसऱ्या आठवड्यात केसेस वाढायला लागल्या. ज्या बाईने आपली मुलगी सरावासाठी देऊ केली होती तिने ऐन वेळी नाही म्हटलं. रिपोर्टची तारीख तोंडावर आली होती. वेद दर शनिवारी तिच्याच घरी असायचा, कारण सरिताची शनिवारी शिफ्ट असायची. चित्रलेखाने वेदला घेतलं आणि फॉर्मवर 'ओळखीच्या कुटुंबातील मुलगा' असं लिहिलं. आकडा आला एकशे बत्तीस. शंभरातल्या दोन मुलांचा येतो असा. सरिता जुलैभर रोज फोन करायची, "ताई, नुसतं सांग ना." चित्रलेखाने सांगितलं. मग सरिता म्हणाली, "कागद दे ना." तिने रिपोर्टही ईमेल केला. जावेला खूश करायची संधी निमकरांच्या घरात रोज येत नाही. सरिताने तो कागद शाळेला पाठवला आणि शाळेने ऑगस्टपासून वेदला हुशार मुलांच्या वर्गात घातलं.

आरती झाली. समोरच्या कोरियन शेजाऱ्यांकडून मागून आणलेली कांचनाची पानं सोनं म्हणून वाटून झाली. नंदूने मोठ्या भावाच्या पाया पडताना "टेक इट ईझी, मेट," म्हणून हसवलं. सरिता आणि अजित पुऱ्या तळायला गेले. चित्रलेखा निरांजन सावरायला वळली, तर वेद पाटासमोर मांडी घालून बसला होता आणि ताटलीतले ठोकळे त्याने खाली घेतले होते.

"वेद, डोन्ट. दॅट्स मम्स युनि स्टफ," स्पृहा म्हणाली.

वेदने ऐकलं नाही. सकाळपासून पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झाला होता. चार ठोकळे जुळवून त्याने एक आकृती केली, मोडली, दुसरी केली. नऊ ठोकळ्यांचा तिरका चौकोन केला. बोटांना हळद लागत होती. स्पृहाने पाटाशेजारच्या पेटीतलं चित्रांचं पुस्तक उघडलं आणि पान उलटत गेली.

"मम," ती हळूच म्हणाली, "ही इज नॉट ईव्हन लुकिंग. इन ऑर्डर करतोय तो."

चित्रलेखा खाली बसली. पुस्तक स्पृहाच्या हातात होतं आणि वेदची पाठ तिच्याकडे होती. जी आकृती पुढच्या पानावर होती, ती वेदच्या हातात आधीच तयार होत होती.

"वेद," तिने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "हे तुला कुणी दाखवलं रे?"

"आजीने."

"केव्हा?"

"सॅटरडेज. यू वेअर अ‍ॅट युनि." तो अजून ठोकळेच बघत होता. "टेस्टच्या आधी. इट वॉज अ सीक्रेट. उलटे म्हणायचे नंबर्स पण. आजी म्हणाली, तू बघच, फर्स्ट येशील."

देवघराच्या कोपऱ्यात पद्माबाई तेलाची वाटी हातात धरून उभ्या होत्या. चित्रलेखाने त्यांच्याकडे पाहिलं. पद्माबाई कपडे धुवायच्या खोलीत गेल्या आणि वॉशिंग मशीनला टेकून उभ्या राहिल्या.

*

नाकारण्यात काही अर्थ नव्हता, हे पद्माबाईंना कळत होतं. चित्रा मागोमाग आली आणि तिने दार लोटलं.

सगळी सुरुवात चित्रानेच केली होती, असं पद्माबाईंचं मत होतं. चाचणी तोंडपाठ व्हावी म्हणून ती मेमध्ये रोज दुपारी सासूला समोर बसवायची. "आई, आता तुम्ही दहा वर्षांच्या आहात हं," म्हणायची आणि घड्याळ लावायची. पद्माबाईंना गंमत वाटायची. बहात्तराव्या वर्षी परक्या देशात आपल्यासाठी कुणी रोज तासभर समोर बसतं, याचंही अप्रूप होतं. इंग्रजी फारसं समजायचं नाही, पण ठोकळ्यांच्या आकृत्या एकदा पाहिल्या की त्यांच्या डोळ्यांपुढून हलायच्या नाहीत. ठिपक्यांच्या रांगोळ्या त्या अशाच लक्षात ठेवत आल्या होत्या.

"का केलंत असं?" चित्राने विचारलं.

"ह्यांची आठवण आहे ना तुला? रिझल्टच्या दिवशी काय करायचे ते?"

चित्राला ऐकून माहीत होतं. दत्तात्रय निमकर सांगलीला हेडमास्तर होते. रिझल्टच्या दिवशी सगळे जेवायला बसले की आधी अजितचे मार्क वाचायचे. मग चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, आता ऐका आपल्या धाकट्या चिरंजीवांचे प्रताप. हे सुरू झालं तेव्हा नंदू चौथीत होता. ताटावरून उठायची परवानगी नव्हती.

"तो भात गिळायचा आणि मी त्याला वाढायचे," पद्माबाई म्हणाल्या. "एक अक्षर बोलले नाही कधी. दहावीपर्यंत. तू मेमध्येच म्हणालीस ना, कुणी मिळालं नाही तर वेदची टेस्ट घेईन म्हणून? आणि या घरात स्पृहा हुशार मुलांच्या सिलेक्टिव्ह स्कूलमध्ये. मी म्हटलं, आता नंदूच्या पोराचा आकडा वाचून दाखवणार ही. या वेळी नाही मी गप्प बसायची."

"मी वाचून दाखवणार नव्हते, आई. तो कुणाला सांगायचाच नसतो."

"पण सांगितलास ना?"

चित्राने मशीनवरचा टॉवेल उचलून त्याची घडी घातली. पद्माबाईंना ते जिंकल्यासारखं वाटलं नाही.

"त्याची भुवई पाहिलीत?" चित्राने विचारलं.

"पाहिली." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मला वाटलं, एवढं शिकवलं तर पोरगं वर निघेल. मला काय माहीत, वर नेऊन ठेवतील आणि खाली उतरू देणार नाहीत." मग त्यांनी सुनेचा हात धरला. "चित्रा, एक ऐक माझं. पुढच्या महिन्यात विमानं सुरू होतायत म्हणे. आधी मला सांगलीला जाऊ दे. मग सांग सगळ्यांना. नंदूच्या तोंडावर नको."

"पुढच्या सोमवारी शाळा उघडतेय, आई. पंचवीसला. तो त्याच वर्गात जाऊन बसणार आहे, आता सगळ्यांच्या समोर."

पद्माबाईंनी हात सोडला.

*

जेवणं झाल्यावर मुलांना मागच्या अंगणात पिटाळलं आणि चित्राताईने टेबलाशी बसून सांगितलं, तेव्हा सरिताच्या मनात पहिली आली ती नुसती चीड.

"वेदचा तो आकडा खरा नाही," ताई म्हणाली. "त्याने टेस्ट आधीच पाहिली होती. पाठ झाली होती त्याची. चूक माझी आहे."

"कमाल आहे," सरिता म्हणाली. "स्पृहा सिलेक्टिव्हला लागली तेव्हा नाही कुणी म्हटलं की आकडा खरा नाही. आमच्याच पोराच्या वेळी बरं पाठ झालं."

"सरिता, तसं नाही गं."

"मग कसं? कुणी दाखवली त्याला? पेटी तुझ्या कपाटात."

"ते महत्त्वाचं नाही—"

"मी," पद्माबाई म्हणाल्या. टेबलावरची ताटं गोळा करता करता म्हणाल्या. "मी दाखवली. सहा शनिवार."

नंदू आईकडे बघत राहिला. हा माणूस एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलतो. तो काही बोलेना, तेव्हा सरिताला भीती वाटली आणि चीड ओसरली. चीड गेल्यावर जे उरलं ते फार वाईट होतं.

सप्टेंबरात वेदच्या नव्या टीचरचा फोन आला होता. वेद कॅमेरा बंद ठेवतो, काम देत नाही, विचारलं तर बोलत नाही. ही इज क्लिअरली केपेबल, टीचर म्हणाली होती, ही जस्ट चूझेस नॉट टु. फोन चालू असताना वेद डेस्कखाली जाऊन बसला होता. फोन ठेवल्यावर सरिताने त्याला हाताला धरून बाहेर ओढलं. रात्रपाळी करून आली होती, अंगात युनिफॉर्म होता, नाकावर मास्कचे वळ होते. नर्सिंग होममधल्या दोन पेशंट्सना त्या आठवड्यात तिने शेवटचं पाणी पाजलं होतं. ती म्हणाली होती, "एकशे बत्तीस आहेस तू! नाटकं करतोस? तिथे माणसं मरतायत आणि तुला साधा अभ्यास होत नाही?" त्यानंतर रोज दुपारी, झोप मोडून, ती त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसत होती. "येतंय तुला. मला माहितीय येतंय. लिही." तो लिहायचा नाही. डाव्या हाताने भुवई चाचपत राहायचा.

"म्हणजे त्याला खरंच येत नव्हतं," सरिता म्हणाली. कुणाला विचारलं नव्हतं, पण चित्राताईने मान डोलावली.

"मग काढ त्याला तिथून," सरिता म्हणाली. "मी विचारलं होतं शाळेला. मागच्या टर्मच्या शेवटी. ते म्हणाले, रिपोर्ट बघता त्याला खाली आणणं त्याच्यावर अन्याय होईल. रिपोर्ट देणाऱ्यांनी लिहून दिलं तर बघू. तू लिहून दे, ताई."

"लिहून काय दे?" अजितने खुर्ची पुढे ओढली. "सरिता, तिने तो कागद द्यायलाच नको होता. ती अजून सायकॉलॉजिस्ट नाहीये. विद्यार्थिनी आहे. आता शाळेला लिहिलं की शाळा युनिला विचारणार. नात्यातला मुलगा, खोटा फॉर्म, बाहेर दिलेला रिपोर्ट. जानेवारीचं शाळेतलं ट्रेनिंग, प्लेसमेंट, गेलंच समज. कदाचित डिग्रीसुद्धा." त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, शाळेचं वर्ष संपायला आठ आठवडे राहिलेत. त्याला बरं नाही म्हणून घरी ठेवा थोडे दिवस. नव्या वर्षी वर्ग बदलतातच. उगाच कागदोपत्री कशाला?"

"दादा बरोबर बोलतोय," नंदू म्हणाला.

सरिताने चमकून पाहिलं. लग्नाला बारा वर्षं झाली, हे वाक्य तिने नवऱ्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"मला नको आहे लिहिलेलं," नंदू म्हणाला. "आठ आठवडे काय, काढेल तो. मी बसतो त्याच्याबरोबर. कशाला पुसायचं ते?" त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला. "तो नंबर आला ना, त्या दिवशी मी शिफ्टला जाताना ब्लॅकटाउनच्या सिग्नलला गाडी बाजूला घेतली. रडलो मी. म्हटलं, बाबा असते तर आत्ताच्या आत्ता फोन लावला असता. सांगितलं असतं, ऐका आता आमच्या चिरंजीवांचे प्रताप."

पद्माबाईंच्या हातातलं ताट टेबलावर आदळलं. अजितने मान खाली घातली. त्या ताटावरच्या आठवणी त्याच्याही होत्या, फक्त त्याचे मार्क आधी वाचले जायचे.

सरिताला नवऱ्याची दया आली. पण ती उठली, मागचं दार उघडलं आणि वेदला हाक मारली. तो आला. तिने कागदाचा नॅपकिन पाण्यात बुडवला.

"सरिता, नको," चित्राताई म्हणाली. "त्याच्यासमोर नको."

सरिताने ऐकलं नाही. तिने त्याच्या कपाळावरून नॅपकिन फिरवला. वेदने डोळे मिटले. रंग निघाला आणि खाली लालसर, उघडी कातडी दिसली. काही ठिकाणी खपली होती.

"हे आठ आठवडे थांबेल का, भाऊजी?" तिने विचारलं. "तुम्ही सांगा. तुम्ही हुशार आहात."

अजित उठून सिंककडे गेला. नंदू मुलाकडे बघत होता. मग त्याने वेदला जवळ ओढून मांडीवर घेतलं. दहा वर्षांचा लांबलचक मुलगा त्या मांडीवर मावत नव्हता, तरी तो बसून राहिला.

*

"मी लिहिते," चित्रलेखा म्हणाली.

म्हणताना तिला मोठं काही केल्यासारखं अजिबात वाटलं नाही. तिला ती डिग्री हवी होती. अकरा वर्षं ती या देशात दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसत होती, आधी चाइल्डकेअरमध्ये, मग शाळेत मदतनीस म्हणून. वर्गात एखादं मूल का अडतं ते तिला दिसायचं आणि ते सांगायचा अधिकार मात्र नसायचा. "नो वरीज चित्रा, द सायकॉलॉजिस्ट विल हॅव अ लुक," म्हणायचे. तो 'लुक' आपला असावा, एवढ्यासाठी तिने हा उद्योग मांडला होता. आणि पहिल्याच खेपेला तिने आपल्याच घरातल्या मुलाकडे पाहिलं ते असं.

पाहुणे गेल्यावर अजित म्हणाला, "एकदा विचार कर. बेचाळीस आहेस. पुन्हा कोण घेईल तुला?"

"विचार जूनमध्ये करायला हवा होता," ती म्हणाली.

तिने शाळेला तीन ओळी लिहिल्या. चाचणी सरावाची होती, मुलाने ती आधी पाहिलेली होती, निष्कर्ष ग्राह्य धरू नयेत. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. मंगळवारी सकाळी हेलनला झूमवर सगळं सांगितलं. हेलन रागावली नाही. तिने चष्मा काढला आणि म्हणाली, "थँक यू फॉर टेलिंग मी." रागावली असती तर बरं झालं असतं. शेवटी तिने विचारलं, मूल कसं आहे? त्या पाऊण तासात मुलाची चौकशी तेवढी एकदाच झाली. चित्रलेखाला रडू आलं. तिने माफी मागून कॅमेरा बंद केला.

गुरुवारी पत्र आलं. विषयात नापास. जानेवारीचं प्लेसमेंट रद्द. पुढे शिकू द्यायचं की नाही हे समिती फेब्रुवारीत ठरवणार. पेटी शुक्रवारपर्यंत परत करावी. अजितने पत्र वाचलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मीटिंग आहे म्हणून वरच्या खोलीत गेला. तिकडे पद्माबाईंनी बॅग भरायला काढली होती. विमान अजून ठरलं नव्हतं, तरी त्या साड्यांच्या घड्या घालत होत्या.

वेदच्या शाळेनेही कळवलं. सोमवारपासून तो आपल्या जुन्या वर्गात जाईल.

त्याला हे कुणी सांगायचं, यावर स्कोफिल्ड्सच्या घरात दोन दिवस काही ठरलं नाही. शेवटी सरिताचा मेसेज आला, "तू ये. तूच सांग." सरिताने शनिवारची शिफ्ट सोडली आणि चित्रलेखा गेली. नवीन वस्ती, एकसारखी घरं, झाडं अजून कंबरेएवढीच. नंदू गॅरेजमध्ये काहीतरी ठोकत होता. तिची गाडी लागताना ठोकणं थांबलं आणि मग पुन्हा सुरू झालं. तो बाहेर आला नाही.

वेद मागच्या पायरीवर बसला होता. चित्रलेखा त्याच्या शेजारी बसली. इतक्या वर्षांत मुलांशी कसं बोलायचं याचं तिने जे काही शिकून ठेवलं होतं, त्यातलं काही तिला आठवेना.

"ती टेस्ट होती ना जूनमधली, ती चुकली," ती म्हणाली. "तू नाही चुकलास. मी चुकले. म्हणून सोमवारपासून तू मिसेस कूपरच्या वर्गात. आधी होतास तिथे."

वेदने पायरीवरच्या मुंग्यांपुढे एक काडी आडवी धरली.

"आजीला ओरडलीस?"

"नाही."

"मग माझा रिअल नंबर काय आहे?"

"मला माहीत नाही."

"लेस?"

"खरंच माहीत नाही, वेद. मी मोजलाच नाही तो."

गॅरेजमधलं ठोकणं चालूच होतं. वेदचा हात कपाळाकडे गेला, तिथे थांबला आणि खाली आला.

"सो त्या क्लासमधलं मला येत नव्हतं," तो सावकाश म्हणाला, "बिकॉज मला येत नव्हतं?"

"हो."

"नॉट बिकॉज आय वॉज लेझी?"

"नाही रे. तू आळशी नव्हतास. तुला ते कुणी शिकवलंच नव्हतं आणि तरी तू करून बघत होतास. खूप प्रयत्न करत होतास तू."

वेद उठला. जाळीचं दार ढकलून तो किचनच्या उंबऱ्याशी उभा राहिला. सरिता सिंकपाशी पाठमोरी होती. नळ चालू होता, पण हातात भांडं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "काकू म्हणते, मी ट्राय करत होतो."

सरिताने नळ बंद केला.

"हो रे बाळा," ती म्हणाली. तिला वळून बघता येईना.

"मी पण तेच सांगत होतो तुला," वेद म्हणाला. "रोज."